प्रज्ञा नावाचा अर्थ काय? हे नाव आलं कुठून, आणि कागदावर ते नेमकं कुठं चुकतं

मुलीचं नाव प्रज्ञा ठेवायचं म्हटलं की घरातून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला प्रश्न आजीचा असतो, "म्हणजे काय गं त्याचा अर्थ?" दुसरा प्रश्न शाळेत किंवा सेतू केंद्रावर येतो, "इंग्रजीत स्पेलिंग काय लिहू?" पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण "हुशारी" असं एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतात. दुसऱ्याला जो तो आपल्या मनाने उत्तर देतो. हे नाव मात्र एका शब्दात संपण्यासारखं नाही आणि स्पेलिंगही मनाने ठरवण्यासारखं नाही. म्हणून दोन्ही गोष्टी आज सविस्तर बघू.

शब्दाची फोड

प्रज्ञा हा संस्कृत शब्द आहे. 'ज्ञा' म्हणजे जाणणे. त्याच्या आधी 'प्र' लागला की जाणण्याला जोर येतो, नीट, पुढपर्यंत, खोलवर जाणणे असा अर्थ होतो. याच 'ज्ञा'पासून आपल्या रोजच्या बोलण्यातले कितीतरी शब्द आलेत. आज्ञा, प्रतिज्ञा, संज्ञा, अवज्ञा, विज्ञान, कृतज्ञ, तज्ज्ञ ही सगळी एकाच घरातली भावंडं. इंग्रजीतला 'नो' म्हणजे माहीत असणे, ज्याच्या सुरुवातीला के लिहितात पण उच्चारत नाहीत, तोसुद्धा या घराण्याचा लांबचा नातेवाईक आहे. तो न उच्चारला जाणारा के म्हणजे जुन्या उच्चाराची राहिलेली खूण.

पालीत याच शब्दाचं रूप पञ्ञा असं होतं. बौद्ध ग्रंथांत तो याच रूपात भेटतो.

आता अर्थाकडे. माहिती, ज्ञान, बुद्धी, विद्या, प्रज्ञा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण ते एक नाहीत. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष नावाचे आचार्य होऊन गेले. त्यांच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात हा फरक समजावणारा एक दाखला आहे. सराफाच्या फळीवर नाण्यांचा ढीग पडलाय. लहान मूल येतं. त्याला फक्त गोल, नक्षीदार, चमकणारं काहीतरी दिसतं. मग खेडेगावातला माणूस येतो. त्याला नक्षी दिसतेच, शिवाय हे पैसे आहेत, यानं वस्तू विकत घेता येतात, हेही कळतं. मग सराफ येतो. तो नाणं हातात घेतो, वाजवतो, वास घेतो, वजन बघतो आणि हे खरं, हे खोटं, हे अर्धं भेसळीचं असं सांगतो. मुलाचं जाणणं म्हणजे संज्ञा, खेडुताचं म्हणजे विज्ञान आणि सराफाचं म्हणजे प्रज्ञा.

खेडुताला मधल्या पायरीवर बसवलंय म्हणून आपण राग मानायचं कारण नाही. बैलाच्या बाजारात बुद्धघोषांनी सराफाला उभं केलं असतं, तर पायऱ्या उलट झाल्या असत्या. मुद्दा एवढाच, की प्रज्ञा म्हणजे पाठांतर नव्हे आणि नुसती हुशारीही नव्हे. समोर आलेली गोष्ट खरी की खोटी, हे पारखण्याची ताकद म्हणजे प्रज्ञा. दिवसाला पन्नास मेसेज फॉरवर्ड होऊन येणाऱ्या मोबाइलच्या काळात हा अर्थ चांगलाच कामाचा आहे.

गीतेतला स्थितप्रज्ञ

आपल्याकडे या शब्दाची ओळख बहुतेकांना 'स्थितप्रज्ञ' या शब्दातून झालेली असते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन विचारतो, की ज्याची प्रज्ञा स्थिर झालीये तो माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? पुढचे अठरा श्लोक त्याचं उत्तर आहे. त्यातला कासवाचा दाखला गावातल्या कीर्तनांत पुष्कळदा ऐकायला मिळतो. कासव जसं आपले अवयव आत ओढून घेतं, तसा हा माणूस आपली इंद्रियं आवरून धरतो. विनोबा भावे यांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांसमोर गीतेवर जी प्रवचनं दिली, त्यांतही या स्थितप्रज्ञाची लक्षणं आली आहेत. पुढे 'स्थितप्रज्ञ-दर्शन' हे त्यांचं वेगळं पुस्तकही निघालं.

बोलीभाषेत मात्र या शब्दाचा कस थोडा उतरला. काही झालं तरी जागचा न हलणाऱ्या माणसाला आपण थट्टेनं स्थितप्रज्ञ म्हणतो. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा प्रश्न तिसऱ्यांदा निघाला तरी खाली मान घालून बसणारे सदस्य, वगैरे.

'प्रज्ञाचक्षू' हा आणखी एक शब्द. प्रज्ञा हेच ज्याचे डोळे, असा. दृष्टी नसलेल्या विद्वान माणसासाठी तो आदरानं वापरतात. अमरावती जिल्ह्यातले संत गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) याच नावाने ओळखले जातात. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली, आणि पुढे जेमतेम चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी प्रचंड लेखन करून ठेवलं. महाभारतात धृतराष्ट्रालाही प्रज्ञाचक्षू म्हटलंय. मुलाच्या मायेपोटी त्याला समोरचं काय दिसलं आणि काय नाही, ते आपल्याला ठाऊकच आहे.

साताऱ्यातल्या वाईची प्राज्ञ पाठशाळा, जिथं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी शिकले, तिच्या नावातही हाच शब्द आहे. आणि शाळेतली पोरं ज्या परीक्षेची तयारी करायची, ती 'राष्ट्रीय प्रज्ञा शोध परीक्षा' म्हणजे एनटीएस, तिच्याही नावात.

बुद्धांची आई

बौद्ध परंपरेत प्रज्ञेची जागा फार वरची आहे. महायान पंथात सहा पारमिता, म्हणजे परिपूर्णतेचे सहा गुण सांगितलेत. दान, शील, क्षांती, वीर्य, ध्यान आणि शेवटी प्रज्ञा. थेरवादाच्या दहा गुणांच्या यादीतही ती आहेच. 'प्रज्ञापारमिता' या नावाचे ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून लिहिले गेले. त्यांतल्या आठ हजार श्लोकांएवढ्या एका ग्रंथाचं चिनी भाषांतर इसवी सन १७९ मध्येच झालं होतं.

मुलीच्या नावाच्या दृष्टीने इथली एक गोष्ट महत्त्वाची. या ग्रंथांत प्रज्ञापारमितेला सगळ्या बुद्धांची आई म्हटलंय, कारण बुद्ध होतो तो प्रज्ञेतूनच जन्मतो. पुढे तिची स्त्रीरूपात मूर्तीही घडू लागली. जावा बेटावरची तेराव्या शतकातली प्रज्ञापारमितेची दगडी मूर्ती जगप्रसिद्ध आहे. डच राजवटीत ती हॉलंडला गेली होती, १९७८ मध्ये परत आली आणि जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवली गेली.

धम्म जिथं जिथं गेला तिथं हा शब्दही गेला आणि तिथल्या जिभेप्रमाणे बदलला. थायलंडमध्ये तो 'पन्या' झाला, ब्रह्मदेशात 'पिन्न्या', जपानमध्ये 'हान्न्या'. तिबेटी लोकांनी शब्द न घेता अर्थ घेतला आणि 'शेरब' म्हटलं. तिकडे ते माणसाचं नाव म्हणूनही ठेवतात.

दगडूची मुलगी

महाराष्ट्रात हे नाव घराघरांत पोचलं त्यामागे १९५६ साल आहे.

त्या वर्षी मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बीबीसीवर बोलले. आपल्याला बुद्धाचा धम्म का आवडतो, तर त्यात तीन तत्त्वं एकत्र मिळतात, असं त्यांनी सांगितलं. प्रज्ञा, करुणा आणि समता. प्रज्ञेचा अर्थही त्यांनी तिथंच स्पष्ट केला: अंधश्रद्धा आणि दैवी चमत्कारांच्या विरोधात उभी राहणारी समज. पुढे १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ निघाला. त्यात एकाला एक जोडून विचार मांडलाय. नुसती विद्या पुरत नाही, प्रज्ञा पाहिजे. नुसती प्रज्ञाही पुरत नाही, सोबत शील पाहिजे. मग करुणा, आणि करुणेच्याही पुढे मैत्री. एकाच घरात प्रज्ञा, करुणा, मैत्री, समता अशा बहिणी सापडतात, त्याचं मूळ हे आहे.

हे फक्त नवीन नावांचं वेड नव्हतं. त्याआधी नावं कशी असत ते आठवून बघा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कोणाचं नाव कसं असावं याचे नियमच आहेत. ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाशी जोडलेलं आणि शूद्राचं मात्र किळस किंवा तिरस्कार सुचवणारं. ग्रंथ गावात कुणी वाचला असो वा नसो, रीत गावापर्यंत पोचली होती. धोंडी, दगडी, कचरू, उकिरड्या. काही घरांत मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणूनही अशी नावं ठेवत, ते सगळ्या जातींत चालायचं. पण ज्या वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या तशीच नावं पडत राहिली, तिथं कारण फक्त दृष्टीचं नव्हतं.

एक उदाहरण सगळ्यांच्या माहितीतलं आहे. 'बलुतं' लिहिणारे दया पवार. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ मध्ये आलेल्या 'बलुतं'त लेखक दया पवार आणि आतला दगडू हे दोघं एकमेकांशी बोलतात, इतकं ते जुनं नाव त्यांना चिकटून होतं. त्यांची मुलगी मराठीतल्या नामवंत कवयित्री आहेत. त्यांचं नाव प्रज्ञा दया पवार. दगडूपासून दया आणि दयापासून प्रज्ञा, एवढा प्रवास एका घरात दोन पिढ्यांत झाला. दया हेही गुणाचंच नाव, हे लक्षात घ्या.

मुलींच्या नावांचा विषय आपल्या भागात जुना झालेला नाही. 'नकोशी', 'नकुसा' ही नावं ऐकली नाहीत असा माणूस पश्चिम महाराष्ट्रात विरळाच. मुलगाच हवा होता आणि पुन्हा मुलगी झाली, म्हणून तिचं नाव नकुसा. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात कार्यक्रम घेऊन अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलली गेली. मुलीला हाक मारताना दिवसातून वीस वेळा 'तू नको होतीस' म्हणायचं, की 'तुला खरं-खोटं पारखता येतं' म्हणायचं, हा फरक त्या पोरीला आयुष्यभर ऐकू येतो.

हे नाव फक्त बौद्ध घरांतच ठेवतात असं काही जण समजतात, ते बरोबर नाही. गीता वाचणाऱ्या घरांतही प्रज्ञा आहेत, जैन घरांतही आहेत. शब्द सगळ्यांचा आहे.

रास कोणती?

हा प्रश्न येणारच, म्हणून सांगून टाकतो. पंचांगातल्या रूढ अक्षरांप्रमाणे 'प' हे अक्षर कन्या राशीत येतं आणि 'पा' उत्तरा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला. ज्यांना अक्षर काढूनच नाव ठेवायचंय त्यांनी तसं बघावं. प्रज्ञा या शब्दाचा बाबासाहेबांनी दिलेला अर्थ वर वाचला असेल, तर पत्रिका बघून प्रज्ञा नाव ठेवण्यात थोडी गंमत आहे, एवढंच.

'ज्ञ'चा घोटाळा

आता सगळ्यात कामाची गोष्ट. लांबलचक असली तरी वाचा, कारण पुढे मुलीच्या कागदपत्रांत हीच आडवी येते.

'ज्ञ' हे जोडाक्षर ज आणि ञ मिळून बनतं. पण आज त्याचा तसा उच्चार कुणीच करत नाही. मराठीत आपण द्न्य म्हणतो, हिंदीत ग्य म्हणतात, गुजरातीत ग्न. त्यामुळे एकाच नावाची इंग्रजीत चार स्पेलिंगं झाली. मराठी माणूस लिहितो पी-आर-ए-डी-एन-वाय-ए. हिंदी भागात पी-आर-ए-जी-वाय-ए. गुजरातेत पी-आर-ए-जी-एन-ए. आणि पुस्तकी पद्धतीत पी-आर-ए-जे-एन-ए.

ऑगस्ट २०२३ मध्ये हा घोटाळा साऱ्या देशानं पाहिला, फक्त कुणाच्या लक्षात आला नाही. २३ तारखेला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. त्यातल्या छोट्या गाडीचं नाव प्रज्ञान, इंग्रजीत जी-वाय घालून. त्याच दिवसांत बाकूमध्ये आपला बुद्धिबळपटू प्रज्ञानंद विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कार्लसनशी खेळत होता. त्याच्या तमिळ वळणाच्या स्पेलिंगमध्ये दोनदा जी आणि मग एन. शब्द एकच, 'ज्ञ' एकच, अक्षरं वेगळी.

चंद्रावरच्या गाडीला आधार कार्ड लागत नाही. आपल्या मुलीला लागतं. जन्मदाखल्यावर डी-एन-वाय-ए, शाळेतल्या एखाद्या गुरुजींनी लिहिलं जी-वाय-ए, बँकेत तिसरंच. दहावीपर्यंत कुणी विचारत नाही. मग शिष्यवृत्तीचा अर्ज, पासपोर्ट, नोकरीची पडताळणी आली की एका मुलीच्या तीन मुली होतात, आणि ती मीच आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र करत तालुक्याला हेलपाटे सुरू होतात.

दुसरी चूक मराठीतली. आधार केंद्रावर नाव इंग्रजीत टाइप करतात आणि खाली मराठी आपोआप उमटतं. डी-एन-वाय-ए टाकलं की मशीन बऱ्याचदा 'प्रद्न्या' असं लिहितं. मशीननं ऐकलं तसं लिहिलं, पण तो शब्द कोशात नाही आणि त्याला अर्थही नाही. असं काही छापून यायच्या आधीच स्क्रीनवर बघून दुरुस्त करून घेता येतं. ऑपरेटरला थांबवायला लाजू नका. ज्ञानेश्वर नावाच्या माणसांनी हा त्रास वर्षानुवर्षं काढलाय, त्यांना विचारा.

कागदांचं एवढं लक्षात ठेवा. जन्माची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करायची. तेव्हा नाव ठरलं नसेल तरी चालतं. नोंद झाल्यापासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणून घाईत बारशाच्या आधी "बेबी ऑफ" लिहून आलेला दाखला तसाच कपाटात ठेवू नका, नाव चढवून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदार यादी अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा आधार म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. तिथं जे स्पेलिंग गेलं तेच पुढे जाणार. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आता क्रम असा लागतो: मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे आईच्या नावाचं स्पेलिंगही त्याच वेळी तिच्या आधारशी जुळवून बघा.

आधारवर नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं. पहिली संधी किरकोळ कामात घालवू नका. आधी जन्मदाखला बरोबर करा, मग शाळेचं रजिस्टर, मग आधार आणि शेवटी बँक. शाळेतली दुरुस्ती दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी झालेली बरी. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नाव एकदा छापलं की पुढचं काम वाढतं, आणि मोठेपणी नावच बदलायचं तर राजपत्रात जाहीर करावं लागतं.

स्पेलिंग कोणतं घ्यावं? चारही चालतात, पण आमच्या मते महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी पी-आर-ए-डी-एन-वाय-ए हेच घ्यावं. इथल्या शाळा-कचेऱ्यांच्या हाताला ते सवयीचं आहे आणि वाचणारा उच्चारही बरोबर करतो. एकदा ठरलं की एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा.

मोबाइलवर मराठीत टाइप करताना 'ज्ञ' थेट सापडत नसेल तर आधी ज, मग पाय मोडायचं हलन्त चिन्ह, मग ञ, असं ओळीनं दाबा. तिन्ही मिळून ज्ञ तयार होतो. 'द', 'न' आणि 'य' जोडत बसू नका.